वाचकांचे प्रश्न : गुंतवणूकदारापुढे ठेवायचा पिच डेक

नवउद्योगांच्या भांडवलाविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पिच डेकविषयी, म्हणजे गुंतवणूकदाराला धंदा समजावून भांडवल मागणाऱ्या स्लाइडच्या संचाविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांत हवामान आणि पानांवरचा ओलावा मोजणारे उपकरण बसवतो आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी केव्हा घ्यावी, केव्हा टाळावी, हे बागायतदाराला मोबाइलवर कळवतो. वर्षाला ७,५०० रुपये घेतो. पहिल्या हंगामात ३० बागायतदार होते. त्यांतील २२ जणांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे भरले आणि १९ नवे आले. ३४ स्लाइडचा डेक अनेक गुंतवणूकदारांना ई-मेलने पाठवला, पण एकाचेही उत्तर आले नाही. आमचे काय चुकते आहे? (नाशिक)

उत्तर : आपण डेक सोबत जोडला आहे, त्यामुळे मोघम बोलण्याची गरज नाही. पहिल्या ९ स्लाइड भारतीय शेतीची स्थिती, हवामानबदल आणि जगातील शेती-तंत्रज्ञानाची बाजारपेठ यांवर खर्ची पडल्या आहेत, उपकरणाचे पहिले दर्शन दहाव्या स्लाइडवर होते आणि ४१ बागायतदार स्वतःच्या खिशातून पैसे देतात ही सर्वांत वजनदार गोष्ट सत्ताविसाव्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत पडून आहे. डॉकसेंड या कंपनीने हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक टॉम आयझेनमान यांच्यासह २०१५ मध्ये २०० नवउद्योगांच्या डेकचा अभ्यास केला, तेव्हा गुंतवणूकदार एका डेकला सरासरी ३ मिनिटे ४४ सेकंद देतो असे आढळले. तेवढ्या वेळात आपला वाचक सत्ताविसाव्या स्लाइडपर्यंत पोहोचला नसणार. गंमत अशी की आपले पत्र डेकपेक्षा चांगले आहे. ३४ स्लाइडना जे जमले नाही ते आपण चार ओळींत सांगितले आहे.

पहिल्या स्लाइडवर कंपनीच्या नावाखाली एकच वाक्य असावे आणि ते वाचून द्राक्षाची बाग कधी न पाहिलेल्या माणसालाही आपण काय विकतो, कोणाला विकतो आणि तो किती पैसे देतो, हे कळावे. ‘शेतीचे भविष्य घडवणारा डेटा-आधारित मंच’ हे आपले सध्याचे वाक्य शंभर कंपन्यांच्या डेकवर शोभेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्यानंतर अडचण, उपाय, पुरावा, बाजारपेठ, स्पर्धा, उत्पन्नाचा मार्ग, संस्थापक आणि मागणी (किती रक्कम हवी), असा क्रम ठेवला तर १२ स्लाइडमध्ये सर्व बसते. सिक्वॉया या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने प्रसिद्ध केलेला आराखडाही साधारण असाच आहे. त्यात ‘हे आताच का शक्य झाले’ हा एक प्रश्न अधिक आहे. आपल्याबाबतीत त्याचे उत्तर स्वस्त झालेले सेन्सर आणि वाडीवस्तीवर पोहोचलेले मोबाइल नेटवर्क, एवढे दोन ओळींत देता येईल.

एअरबीएनबीचा सुरुवातीचा डेक आज सहज पाहायला मिळतो, तो एकदा नीट वाचावा. दिसायला तो अगदी सामान्य आहे. हॉटेलऐवजी स्थानिक माणसाच्या घरी खोली आरक्षित करा, हे पहिले वाक्य. मग अडचण, मग उपाय आणि लगेच पुरावा. स्वतःचे व्यवहार तेव्हा थोडे असल्यामुळे त्यांनी प्रवाशांना अनोळखी यजमानांच्या घरी मुक्काम मिळवून देणाऱ्या काउचसर्फिंग या संकेतस्थळाचे सहा लाखांहून अधिक सदस्य आणि क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या तात्पुरत्या निवासाच्या हजारो जाहिराती पुढे ठेवल्या, म्हणजे अनोळखी माणसाच्या घरी राहायला लोक तयार आहेत हे दुसऱ्यांच्या व्यवहारांवरून दाखवले. शेवटची मागणीही तशीच नेमकी होती : ५ लाख डॉलर द्या, १२ महिन्यांत ८०,००० व्यवहार आणि २० लाख डॉलर उत्पन्न करून दाखवतो. तरीही २००८ मध्ये ज्या सात गुंतवणूकदारांशी त्यांची ओळख करून देण्यात आली होती त्यांतील पाच जणांनी नकार दिला आणि दोघांनी उत्तरच दिले नाही, हे संस्थापक ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये स्वतः जाहीर केले. उत्तर न येण्याचा अर्थ धंदा वाईट असाच घेऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आपल्याला मात्र दुसऱ्यांच्या व्यवहारांचा आधार घेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे दोन हंगामांची वही आहे. ३० पैकी २२ जणांनी पुन्हा पैसे भरले, याला पूर्ण स्लाइड द्यावी आणि तिच्यावर उरलेले ८ जण का थांबले हेही लिहावे. एखाद्याने बाग काढून टाकली असेल, एखाद्याचे उपकरण ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर बंद पडले असेल, एखाद्याला सल्ला पटला नसेल; या तिन्ही कारणांचा अर्थ गुंतवणूकदाराच्या दृष्टीने वेगवेगळा होतो. गळतीचे कारण स्वतःहून सांगणारा संस्थापक दुर्मिळ असतो आणि त्याला पुढच्या भेटीसाठी बोलावले जाते, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तर किती फवारण्या वाचल्या आणि त्यामुळे एकरी किती खर्च वाचला, याचीही १०-१२ बागांची नोंद द्यावी. बागायतदार ७,५०० रुपये भरतो तो वाचलेल्या फवारणीच्या हिशोबावर, आणि निर्यातदार असेल तर औषधाच्या अंशांच्या भीतीपोटी. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे आपल्याकडची द्राक्षे युरोपात अडकली होती, ते अजून कोणी विसरलेले नाही. ते औषध बुरशीनाशक नव्हते, त्यामुळे तो प्रसंग आपल्या उपकरणाचा पुरावा म्हणून वापरू नये; निर्यातदार अंशांना इतका का घाबरतो, हे समजावण्यापुरता एका ओळीत यावा.

बाजारपेठेच्या स्लाइडवर आपण जगाच्या शेती-तंत्रज्ञानाचा अब्जावधी डॉलरचा आकडा देऊन ‘यातील केवळ १ टक्का मिळाला तरी’ असे म्हटले आहे. इथेच घोडे पेंड खाते. हा १ टक्का कोणत्या दारातून, कोणाच्या पायांनी येणार, हे त्या वाक्यात कुठेही नाही. हिशोब खालून वर करावा : दोन एकरांहून मोठी बाग असलेले बागायतदार या दोन तालुक्यांत किती आहेत, हा आकडा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळवावा आणि त्याला ७,५०० ने गुणावे. समजा असे १०,००० बागायतदार निघाले, तर बाजारपेठ वर्षाला साडेसात कोटींची झाली. गुंतवणूक निधीला एवढी बाजारपेठ अपुरी वाटेल, आणि ते त्याने विचारण्याआधी आपल्याला कळलेले बरे. मग पुढची पायरी तासगाव आणि सोलापूरकडच्या बागा, की डाळिंबावरील तेल्या रोगासाठी हेच उपकरण, की याच बागायतदाराला आणखी एखादी सेवा? यांपैकी जे आपण खरोखर करणार असाल तेच लिहावे. तिन्ही लिहिल्यास एकही ठरलेले नाही असे दिसते.

स्पर्धेच्या तक्त्यात आपल्या रकान्यात सर्वत्र बरोबरच्या खुणा आणि इतरांच्या रकान्यात फुल्या आहेत. असा तक्ता कोणी गंभीरपणे वाचत नाही. सेन्सर बसवणाऱ्या कंपन्या हे आपले एक प्रकारचे स्पर्धक झाले, पण बागायतदार आज फवारणीचा निर्णय ज्यांना विचारून घेतो ते वेगळेच आहेत : पैसे घेऊन बागेत फेरी मारणारा द्राक्ष सल्लागार, उधारीवर औषध देता देता फुकट सल्ला देणारा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, आणि शेजारचा अनुभवी बागायतदार. दुकानदाराचे हित औषध खपण्यात असते आणि आपले हित फवारणी वाचण्यात आहे, ही गोष्ट तक्त्याशिवाय, दोन वाक्यांत सांगितली तरी स्पर्धेची स्लाइड पूर्ण होते.

शेवटची सूचना अशी की डेक दोन करावेत. ई-मेलने जाणारा डेक आपल्या गैरहजेरीत वाचला जातो, म्हणून त्यात पूर्ण वाक्ये हवीत. समोर उभे राहून दाखवायच्या डेकवर मोठी अक्षरे, एखादा आलेख आणि बागेतले छायाचित्र पुरे, कारण बोलणारे आपण असता. नवउद्योगांवर लिहिणारे अमेरिकी लेखक गाय कावासाकी यांचा १० स्लाइड, २० मिनिटे आणि ३० पॉइंटचे अक्षर हा प्रसिद्ध नियम या दुसऱ्या डेकसाठी आहे.

प्रश्न : यंत्रमागाच्या थांब्यांची नोंद ठेवणारी आमची प्रणाली चार कारखान्यांत मोफत चाचणीवर चालू आहे. एका नामांकित वस्त्रोद्योग कंपनीच्या व्यवस्थापकांनी ‘पुढच्या वर्षी नक्की घेऊ’ असे तोंडी सांगितले आहे. ‘आमचे ग्राहक’ या स्लाइडवर त्या कंपनीचे बोधचिन्ह टाकले तर चालेल का? सगळेच टाकतात. (इचलकरंजी)

उत्तर : टाकू नये. सगळेच टाकतात हे खरे असले तरी गुंतवणूकदार पैसे देण्यापूर्वी त्या बोधचिन्हांच्या मालकांना फोन करतो हेही तितकेच खरे आहे, आणि त्या व्यवस्थापकांनी फोनवर ‘अजून काही ठरलेले नाही’ असे म्हटले की बाकीच्या ११ स्लाइडवरचा विश्वासही त्याच क्षणी जातो. कॅलिफोर्नियातील थेरानोस या रक्ततपासणी कंपनीच्या खटल्यात हा मुद्दा पुढे आला होता. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांनी फायझर या औषध कंपनीचे बोधचिन्ह थेरानोसनेच तयार केलेल्या अहवालावर लावून तो बाहेर दाखवल्याचे न्यायालयात मान्य केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीशी संबंधित चार आरोपांत त्या दोषी ठरल्या. आपला हेतू तसा नाही हे उघड आहे. पण पैसे घेण्यासाठी दिलेली चुकीची माहिती भारतीय कायद्यातही फसवणूकच ठरू शकते.

याऐवजी स्लाइडचे तीन भाग करावेत : पैसे देणारे, मोफत चाचणीवर असलेले आणि बोलणी चालू असलेले. आपला पहिला भाग आज रिकामा आहे आणि खरी चिंता त्याची असावी. चार कारखान्यांपैकी एकाला, जिथे प्रणाली सर्वांत जास्त वापरली जाते तिथे, दरमहा दर मागाला थोडी का होईना रक्कम मागून पाहावी. कारखानदाराने दिलेले महिन्याचे २,००० रुपये डेकमध्ये नामांकित कंपनीच्या बोधचिन्हापेक्षा जास्त बोलतात. तोपर्यंत चाचणीच्या भागात कारखान्यांची नावे त्यांच्या लेखी परवानगीने द्यावीत आणि प्रत्येकापुढे किती माग जोडले, किती आठवडे झाले आणि थांब्यांत किती फरक पडला, हे लिहावे. व्यवस्थापकांकडून त्यांच्या कंपनीच्या पत्रावर इरादापत्र मिळाले तर तेही त्याच नावाने दाखवावे, खरेदीची ऑर्डर म्हणून नव्हे.

प्रश्न : आम्ही दोघी जावा थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि उपवासाची भाजणी विकतो. प्रोप्रायटरी फर्म आहे. मोठे यंत्र घ्यायचे आहे, त्यासाठी साधारण १२ लाख रुपये लागतील. पिच डेक करून देणारी एक संस्था ४०,००० रुपये मागते. डेक त्यांच्याकडून करून घ्यावा का? (पुणे)

उत्तर : डेक करूच नये, आणि ४०,००० रुपये तर मुळीच देऊ नयेत. गुंतवणूकदार कंपनीचे शेअर घेतो, आणि प्रोप्रायटरी फर्मला शेअर नसतात; त्यामुळे आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी लागेल. ते झाले तरी गुंतवणूक निधीची मुदत बहुधा ८ ते १० वर्षांची असते आणि त्याच्या दहा गुंतवणुकींतील बऱ्याचशा बुडतात, म्हणून उरलेल्यांपैकी एखादी कित्येक पट वाढावी अशी त्याची अपेक्षा असते. दरवर्षी २० टक्क्यांनी वाढणारा, नफ्यातला, व्यवस्थित चाललेला धंदा त्याच्या कामाचा नसतो. त्यात धंद्याचा काही दोष नाही. यंत्रासाठी बँकेचे कर्ज हाच आपला मार्ग आहे, आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएमएफएमई योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करावी.

बँकेसाठीही एक पान मात्र जरूर करावे, ते एका पाकिटाच्या हिशोबाचे. आपण पाठवलेल्या आकड्यांवरून, जीएसटी बाजूला ठेवून, तो असा होतो : छापील किंमत १६० रुपये, दुकानदार व वितरक यांचे ४८ जाऊन हाती ११२, त्यातून धान्य, दळण आणि पाकीट यांचे ६२, वाहतुकीचे ९ आणि परत येणाऱ्या मालाचे ५ वजा केले की ३६ उरतात. यात आपल्या दोघींच्या श्रमाचे पैसे धरलेलेच नाहीत, ते आधी धरावेत. आपल्या पत्रात ऑनलाइन जाहिरातीतून एक ग्राहक आणायला १८० रुपये पडतात असेही आहे. तिथेही एवढेच सुटत असेल तर त्या ग्राहकाने पाच वेळा भाजणी घेतली तेव्हा कुठे जाहिरातीचा खर्च निघतो. तो पाचदा येतो का, हे आपल्या विक्रीच्या नोंदींतून आधी पाहावे.

प्रश्न : सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावरच्या टूलची झीज आवाजावरून ओळखणारी आमची प्रणाली वाळूजमधील सहा कारखान्यांत विकली गेली आहे. डेकमध्ये किती रक्कम मागावी, व्हॅल्युएशन (कंपनीचे मूल्य) लिहावे का आणि पाच वर्षांचे अंदाज कसे काढावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : रक्कम खर्चातून येते, इच्छेतून नव्हे. आपला महिन्याचा निव्वळ खर्च नव्या भरतीनंतर ७ लाख रुपये होणार असेल, तर १८ महिन्यांचे १ कोटी २६ लाख होतात. उशीर आणि चुकांसाठी थोडी जागा ठेवून दीड कोटी मागणे रास्त आहे. १८ महिने यासाठी की गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीचे पैसे उभे करण्यातच सहा-आठ महिने जातात. मागणीच्या स्लाइडवर ‘मार्केटिंग ४० टक्के, तंत्रज्ञान ३० टक्के’ असा गोलाकार आलेख काढू नये. या पैशात सहाचे साठ कारखाने कधी होतील, वाळूजबाहेर चाकणला विक्रीचा माणूस केव्हा नेमला जाईल, आणि कोणता आकडा गाठल्यावर पुढची फेरी मागता येईल, हे लिहावे.

व्हॅल्युएशन पाठवायच्या डेकमध्ये लिहू नये, असे माझे मत आहे. आकडा जास्त वाटला तर माणूस भेटतच नाही आणि कमी असेल तर वाटाघाट तिथेच संपते. मनातला हिशोब मात्र पक्का हवा. पैसे येण्यापूर्वीचे मूल्य ६ कोटी धरले आणि दीड कोटी आले, तर नंतरचे मूल्य साडेसात कोटी आणि गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के होतो. दोघा संस्थापकांचे समान वाटे असतील तर प्रत्येकी ४० टक्के राहतात. पण कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर आधीच बाजूला काढा, अशी अट बहुधा येते, आणि तो भार फक्त संस्थापकांवर पडून प्रत्येकी ३५ टक्के उरतात. ही अट पहिल्यांदा टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यावर, दिसून धक्का बसू नये. मूल्यावर एकमत होत नसेल तर कन्व्हर्टिबल नोटचा, म्हणजे आज कर्ज म्हणून घेऊन पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रकमेचा मार्ग आहे, मात्र त्यासाठी केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता लागते आणि एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाख रुपये यावे लागतात. रास्त मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर देऊन घेतलेल्या रकमेवरच्या ज्या एंजल टॅक्सची आपण पत्रात भीती व्यक्त केली आहे, तो जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

पाच वर्षांच्या अंदाजांवर कोणाचा विश्वास नसतो, तरीही ते सगळे मागतात. पहिले १८ महिने महिनावार करावेत आणि प्रत्येक आकड्यामागे गृहीतक लिहावे : एका विक्रेत्याला एक कारखाना मिळवायला किती भेटी आणि किती आठवडे लागतात, हे सहा कारखान्यांच्या अनुभवावरून आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या वर्षांना एक ओळ पुरे.

प्रश्न : हापूसमधला साका (गर आतून खराब होण्याचा दोष) फळ न कापता ओळखणारे यंत्र मी बनवले आहे. गावच्या मुंबईतील मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ३५० चाकरमानी आहेत. तिथे डेक टाकून प्रत्येकी ५०,००० रुपये गोळा करण्याचा विचार आहे. कंपनी नुकतीच नोंदवली आहे. यंत्राची आतली रचना डेकमध्ये द्यावी का? (रत्नागिरी)

उत्तर : गटावर डेक टाकू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला शेअर द्यायचे तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार आधी ठरवलेल्या, नावानिशी नोंदवलेल्या व्यक्तींनाच प्रस्ताव देता येतो. अशा व्यक्ती एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त असू शकत नाहीत, आणि त्यासाठी जाहिरात किंवा माध्यमांतून आवाहन करता येत नाही. पैसे बँकेतूनच यावे लागतात, ते वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. उल्लंघन झाल्यास उभारलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी रुपयांपर्यंत, यांपैकी जो कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो, आणि सर्वांचे पैसे व्याजासह परत करावे लागतात. शिवाय ज्यांच्याकडे पुढे गणपतीत तोंड दाखवायचे त्यांची बचत अशा जोखमीत गुंतवणे मला व्यक्तिशः पटत नाही. गटातल्या चार-पाच जाणत्या, ऐपतदार माणसांना स्वतंत्रपणे भेटा आणि कंपनी सचिवांकडून कागदपत्रे करून घ्या.

आतली रचना डेकमध्ये देऊ नये. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला तर त्याचे नावीन्यच संपते, आणि गोपनीयतेच्या करारावर सही करायला बहुतेक गुंतवणूक संस्था पहिल्या भेटीत तयार होत नाहीत. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज आधी दाखल केला तर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. डेकमध्ये यंत्राचे पोट दाखवण्यापेक्षा त्याचा निकाल दाखवावा : पेटीतून उचललेली १०० फळे यंत्राने आधी साक्याची आणि बिनसाक्याची अशी वेगळी केली, मग सगळी कापली, किती बरोबर निघाली आणि किती चुकली. चुका दोन प्रकारांत लिहाव्यात, कारण चांगले फळ बाद झाले तर नुकसान बागायतदाराचे आणि साक्याचे फळ निसटले तर व्यापाऱ्याचे. आपले यंत्र विकत कोण घेणार, हे त्यावरच ठरेल. हंगाम मार्च ते मे एवढाच हाती असतो, तेव्हा पेटंटचा अर्ज फेब्रुवारीअखेर दाखल व्हावा आणि फळे कापण्याचे चित्रीकरण एप्रिलमध्ये, एखाद्या वाशीच्या व्यापाऱ्याला समोर बसवून करावे.